मामांचं पोर्ट्रेट: मोह चित्रात नेमका ठेवायचा कुठे?

तैलरंगी

सगळ्यांना सलाम.

मी सोलापुरात शाळेत चित्रकला शिकवते. यंदा दुःखसहनाच्या आठवड्यात (ईस्टरच्या आधीच्या) आमच्या चर्चच्या हॉलमध्ये चित्रं लावायची ठरलंय. विषय 'परीक्षा', म्हणजे मोहापुढची कसोटी. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर माझं नाव परस्पर जाहीर करून टाकलं, त्यामुळे सुटका नाही. बाकीचे बहुतेक जण अरण्यातला ख्रिस्त आणि समोर सैतान काढणार आहेत. एकाने शिंगंशेपटीसकट स्केच आणून दाखवलंही. मला मात्र माझ्या मामांचं पोर्ट्रेट करायचंय.

मामा सूतगिरणीतून निवृत्त झालेत. उमेदीची वर्षं दारूत गेली. हातभट्टी, देशी, मिळेल ती. पुढे सुटली. कशी सुटली विचारलं तर मामा म्हणतात, 'प्रभूनं हात धरला', आणि मामी आतून जोडते, 'अन् मी कॉलर.' आता रोज संध्याकाळी प्रार्थनेला जातात. वाटेत देशी दारूचं दुकान लागतं. थोडा वळसा घेतला तर ते टाळता येतं, पण मामा टाळत नाहीत. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, 'गुडघे दुखत्यात.'

मला हाच माणूस काढायचाय. ज्याची श्रद्धा पक्की आहे आणि ज्याला अजूनही तहान लागते, तो. कोळशाने बरीच स्केचेस केली. डोळे वर केले की मामा कॅलेंडरवरचे संत दिसतात. मान खाली घातली की नुकतीच चोरी पकडली गेल्यासारखे दिसतात. दोन्ही खोटं. बाटली दाखवू का? क्रूस हवाच का? शिवाय तैलरंग की अ‍ॅक्रिलिक, हाही प्रश्न आहे, कारण इथलं ऊन आत्तापासूनच डोक्यावर आलंय. जाणकारांनी सांगावं.

सातरस्ता

ताई, मागं अंधारात बाटली अन् पुढं क्रूस ठेवून टाका की! लोकं लगेच वळखत्यात. बाकी मामांचं गुडघ्याचं उत्तर लई आवडलं. वाचायलोय.

गेरूमाती

बाटली नको, निदान आधी तरी नको. बाटली दिसली की बघणारा 'हां, दारुड्या' म्हणून पुढच्या चित्राकडे जातो. चेहरा बघतच नाही.

इवान क्राम्स्कॉय या रशियन चित्रकाराचं १८७२ सालचं 'वाळवंटातला ख्रिस्त' बघा. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे, १८० बाय २१० सेंटिमीटर, म्हणजे चांगलं भिंतभर. विषय तुमचाच आहे, चाळीस दिवसांचा उपास आणि परीक्षा. पण त्यात सैतान नाही, देवदूत नाहीत, डोक्यामागे तेजोवलयसुद्धा नाही. राखाडी दगडांवर एक थकलेला माणूस बसलाय आणि मागे गार पहाट होतेय. सगळी लढाई त्याच्या हातांत आहे. बोटं एकमेकांत इतकी आवळलीत की चेहऱ्याआधी नजर तिथेच जाते.

म्हणून माझं म्हणणं, मामांचे हात बघा. चेहरा सिटिंगला बसला की पोझ घेतो. हात सहसा विसरतात.

कॅलेंडरच्या संतांबद्दल अवांतर: मऊ केसांचा, वरच्या उजेडाकडे बघणारा जो येशू आपल्याकडे घराघरांत दिसतो, त्यातला मोठा भाग अमेरिकेतल्या वॉर्नर सॉलमनच्या १९४० च्या चित्रावरून आलाय. त्याच्या छापील प्रती जगभर प्रचंड खपल्या. तो चेहरा आपल्या हातात नकळत बसलेला असतो. डोळे वर करायला गेलात की तोच उतरतो.

योहानकाका

तैलरंगी, सलाम. चित्रातलं मला फार कळत नाही, शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, थोडं सांगतो.

परीक्षा होणं म्हणजे पाप नव्हे. इब्री लोकांस पत्र ४:१५ वाचा. ख्रिस्त सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा दाखवलात तर चित्र शास्त्राशीच फटकून जाईल. स्केचमध्ये मान खाली घातल्यावर तुम्हाला जे खटकलं ते बरोबरच खटकलं.

दुसरं, लूक ४:१३. सैतान निघून जातो, पण 'संधी मिळेपर्यंत'. कायमचा नाही. बहुतेक चित्रांत सैतान पळताना दाखवतात आणि विषय संपवतात. मामांचं तर रोज संध्याकाळी तेच दुकान. चित्रात विजयाचा झेंडा लावू नका, एवढीच विनंती.

भोवरा

सगळे एका सुरात बोलायला लागले म्हणून मुद्दाम उलटं बोलतो. 'प्रतीकं नकोत, हात बघा' हे गॅलरीत जाणाऱ्यांचं बोलणं झालं. चर्चच्या हॉलमध्ये विडी कामगार बाया येणार, रिक्षावाले येणार, शाळेतली पोरं येणार. आवळलेली बोटं बघून त्यांना काय कळणार? पाठ दुखतेय की प्रार्थना चाललीय?

चित्रात भुतं रंगवणारे काही अडाणी नव्हते. ग्रुनेवाल्डने १५१२ ते १५१६ च्या सुमारास इसेनहाइमच्या मठासाठी वेदीचित्र केलं. आता ते फ्रान्समध्ये कोल्मारला आहे. त्या मठाच्या इस्पितळात 'संत अँथनीची आग' झालेले रोगी असायचे. राय धान्यावर बुरशी यायची, त्या पिठाचा पाव पोटात गेला की अंगाची आग व्हायची, हातपाय सडायचे. म्हणजे रोजच्या भाकरीतूनच विष. त्या वेदीचित्राच्या एका फळीवर राक्षस वाळवंटात मोहांशी झुंजणाऱ्या म्हाताऱ्या संत अँथनीचे केस धरून त्याला ओढतायत, दांडक्याने बडवतायत. आणि खाली डाव्या कोपऱ्यात सुजलेल्या पोटाचा, अंगभर फोड आलेला एक जीव पडलाय. रोग्याला त्यात स्वतःचंच अंग दिसत असणार. तिथे संयमी हातांचं पोर्ट्रेट लावून काय उपयोग झाला असता?

उजव्या कोपऱ्यात एक कागद आहे, तो तर मला सगळ्यात आवडतो. त्यावर लॅटिनमध्ये अँथनीची तक्रार लिहिलीय: कुठे होतास, भल्या येशू, कुठे होतास? माझ्या जखमा बऱ्या करायला का आला नाहीस? श्रद्धा म्हणजे फक्त शांत चेहरा, हे कुणी ठरवलं?

गेरूमाती

भोवरा, मुद्दा मान्य आहे, पण अर्धाच. तिथल्या रोग्याला राक्षसांत स्वतःची फोडं दिसली. मामांच्या गल्लीतल्या माणसाला शिंगवाल्यात काय दिसणार? त्याचा राक्षस म्हणजे साडेसहाला दिवा लागणारी दुकानाची पाटी. प्रतीक घ्यायचंच तर ते घ्या.

निशिगंध

कागद!! ही फळी मी पुस्तकात कितीदा पाहिलीय, कागदाकडे लक्षच गेलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

आजचा_दिवस

वेगळा मुद्दा मांडतो. मीही दारूतून बाहेर आलेला माणूस आहे. आमच्या संगतीत, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये, अनामिकतेला फार मान आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही संगत आहे आणि तिची परंपरा सांगते की छापील माध्यमं, रेडिओ, सिनेमा यांत सभासदाने नावचेहऱ्यासकट पुढे येऊ नये. चर्चचा हॉल म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, कबूल. पण आजकाल हॉलमधलं चित्र दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर असतं. मामा संगतीचे सभासद नसतील, तरी प्रश्न उरतोच. उद्या त्यांचं पाऊल घसरलं (देव न करो) तर ते चित्र त्यांच्याकडेच बोट दाखवत भिंतीवर राहील. आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या हुसेननी मदर तेरेसा कितीदा चेहऱ्याशिवाय रंगवल्या, नुसती निळ्या काठाची साडी आणि आत अंधार. तरी कोण आहे ते कळतंच. चेहरा वळवून ठेवता येईल का, याचा विचार करा. आणि मामांना विचारलंय ना?

तैलरंगी

मामांनी सिटिंगला होकार दिला होता, पण 'दारू सुटलेला माणूस' म्हणून चित्र लागणार हे मी नीट उलगडून सांगितलं नव्हतं. ते बोलायला काल गेले.

मामा हसायलाच लागले. म्हणाले, 'पडलेला तर सगळ्या गल्लीनं फुकट बघितलाय. उभा राहिलेला बघायला काय तिकीट लावायचंय?' तेव्हा चेहरा दिसणार. पाऊल घसरलं तर, हेही विचारलं. त्यावर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'तर चित्र उतरवायचं नाही. मीच येऊन बसीन त्याच्याखाली.'

खरा नकार आला मामीकडून. चित्राला नाही, बाटलीला. मामी सरळ म्हणाली, 'ती वस्तू घरातून काढायला माझं आयुष्य गेलं. आता रंगानं काढून परत आणू नकोस.' त्यापुढे माझं किंवा भोवरांचं कलाशास्त्र काय चालणार! हॉलमधलं प्रदर्शन संपल्यावर चित्र त्यांच्याच घरी जाणार आहे आणि तिला ते रोज बघायचंय.

मग संध्याकाळी मामांबरोबर चर्चपर्यंत चालत गेले. त्यांच्याकडे एक कापडी पिशवी असते, तिच्यात बायबल, गायनाचं पुस्तक आणि चष्म्याचं घर. पूर्ण वाटभर पिशवी डाव्या हातात होती. दुकानाच्या अलीकडे विजेचा खांब आहे, तिथे त्यांनी ती उजव्या हातात घेतली. पिशवीचे बंद मनगटाला एक वेढा देऊन मुठीत धरले, अंगठा वरून दाबलेला. दुकान मागे पडलं, पिशवी पुन्हा डाव्या हातात. बोलणं चालूच होतं, गावाकडच्या जमिनीचं काहीतरी. परत येताना मुद्दाम बघितलं, तसंच केलं. मी विचारलं. म्हणाले, 'पैसे उजव्या हातानं काढायची सवय हाय. तिथं तो हात मोकळा नको.'

गेरूमाती, तुम्ही म्हणालात हात बघा.

गेरूमाती

बस. चित्र झालं तुमचं, आता फक्त रंगवायचं राहिलंय.

सातरस्ता

आयला! अंगावर काटा आला. त्या खांबापाशीच काढा की मग.

भोवरा

मनगटाला वेढा दिलेली पिशवी म्हणजे प्रतीकच. फक्त मामांनी स्वतः तयार केलेलं. माझी तक्रार मागे घेत नाही, पण हे प्रतीक चालेल.

प्रश्नार्थक

एक भाबडी शंका. ख्रिस्ती श्रद्धेचं चित्र म्हणताय, मग त्यात ख्रिस्त कुठे आहे? पिशवीतलं बायबल तर दिसणारसुद्धा नाही. उद्या दारू सोडलेल्या कुठल्याही धर्माच्या माणसाला हे चित्र लागू होईल.

*(संपादक मंडळ: यानंतरचे दोन प्रतिसाद विषय सोडून धर्मांतरावर घसरल्याने काढले आहेत. कृपया चित्राबद्दल बोलावे.)*

योहानकाका

लागू होऊ द्या की, बिघडलं कुठे? वधस्तंभ मोठा काढला म्हणजे चित्र अधिक ख्रिस्ती होतं असं नाही. आपल्याकडे अँजेलो द फोन्सेका होऊन गेले, १९०२ ते १९६७, मूळचे गोव्याचे. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी मरिया आणि येशू भारतीय वेशात, भारतीय चेहऱ्याने रंगवले. त्यावर तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली, 'हे आमचं नाहीच' म्हणून. आज आपण कौतुकाने दाखवतो.

तरी प्रश्नार्थक यांचं एक धरून ठेवा. मामा स्वतःच्या बळावर उभे आहेत असं चित्रातून वाटू नये. पिशवी जड दिसू द्या. तिच्यात काहीतरी आहे आणि ते मामांना धरून आहे, हे तिच्या ओढीवरून कळावं. १ करिंथ १०:१३ मध्ये परीक्षेबरोबर निभावण्याचा उपायही देव करील असं म्हटलंय. मामांचा उपाय कापडी निघाला, एवढंच.

निशिगंध

प्रभुभोजनाचा (चर्चमध्ये ख्रिस्ताच्या आठवणीत घेतात तो) छोटा प्याला ठेवला तर? द्राक्षरस आणि दारू, दोन्हींची आठवण एकदम.

तैलरंगी

विचार केला होता. आमच्याकडे ट्रेमधून छोट्या काचेच्या पेल्यांत न आंबवलेला द्राक्षरसच देतात, तेव्हा मामांना त्याची अडचण कधी आली नाही. पण चित्रात तो पेला औषधाच्या मापासारखा दिसतो हो. करून बघितलं, पुसून टाकलं.

आता तांत्रिक. मोठा कॅनव्हास परवडणार नाही, अडीच बाय तीन फुटांचा ताणून प्राइम करून ठेवलाय. कमरेपासून वर मामा, उजवा हात पुढे. उजेडाचं अडलंय.

गेरूमाती

उजेडासाठी सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं जलरंग चित्र डोळ्यांसमोर आणा. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. तिने दिव्यापुढे हात आडवा धरलाय, बोटांच्या फटीतून उजेड लाल झिरपतो आणि त्याच उजेडाने चेहरा घडतो. दिवा हे तिथे सजावटीचं सामान नाही. तो नसेल तर चेहराच दिसणार नाही.

तुमच्याकडे असे दोन दिवे आहेत. एक दुकानाच्या पाटीचा, दुसरा पुढे चर्चच्या दाराचा. दुकान चित्रात काढूच नका, ते कॅनव्हासच्या बाहेर राहू दे. नुसता त्याचा उजेड मामांच्या उजव्या गालावर आणि त्या मुठीवर पडू दे. मामींची अटही पाळली जाईल.

चर्चच्या दारात कसला दिवा आहे?

तैलरंगी

साधी ट्यूबलाइट. तीही फडफडते. दुकानाची पाटी मात्र पिवळी-नारिंगी, छान उबदार. लांबून बघितली तर हॉटेलच वाटेल.

गेरूमाती

मग जसं आहे तसंच रंगवा. मोह उबदार, श्रद्धा ट्यूबलाइटची. चर्चच्या बाजूला सोनेरी झळाळी घालायचा मोह (तोही मोहच) आवरा. क्राम्स्कॉयची पहाटसुद्धा गारच आहे.

रंग: गव्हाळ-सावळ्या कातडीवर उजेड दाखवायला नुसता पांढरा मिसळू नका, कातडी खडू फासल्यासारखी दिसते. ट्यूबलाइटच्या बाजूला टायटॅनियम व्हाइटमध्ये यलो ऑकर आणि अल्ट्रामरीनचा अगदी थेंब. सावळ्या कातडीवर गार चकाकी गालाच्या हाडावर आणि कपाळावर छान बसते. दुकानाच्या बाजूला बर्न्ट सिएना आणि कॅडमियम ऑरेंज, पण पातळ. सावलीत काळा नको, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून गडद करा. दोन उजेडांच्या मधे नाकावरून हनुवटीपर्यंत एक अंधाराचा पट्टा उरेल. तो भरायची घाई करू नका. सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्या, कारण मामा त्या पट्ट्यात आहेत.

भोवरा

लोक उलटं वाचतील. सोनेरी उजेड म्हणजे देव, हे डोळ्यांत शतकानुशतकं मुरलंय. पिवळा गाल बघून म्हणतील, वा, काय कृपा बरसतेय!

तैलरंगी

भोवरा, काल रात्री हाच विचार करत होते. पण ती पाटी ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे, ते उलटं वाचणार नाहीत. आणि हॉलमध्ये बहुतेक तेच येणार आहेत. बाकीच्यांनी उलटं वाचलं तर वाचू देत, बोलायला विषय होईल.

आजचा_दिवस

पाटीबद्दल शंभर टक्के सहमत. आम्हाला ती थंडीत शेकोटी दिसायची. आणि मामा 'खाली येऊन बसीन' म्हणाले, त्यावर माझं म्हणणं संपलं.

निशिगंध

नजर कुठे? हे कुणीच बोललं नाही.

तैलरंगी

पुढे रस्त्यावर. दुकानाकडे नाही, वर आभाळाकडे नाही, बघणाऱ्याकडेही नाही. मामा खरंच तसेच चालतात, रस्त्यावरचे खड्डे बघत. सोलापूरच्या रस्त्यांवर दुसरीकडे बघायची चैन नाही.

सातरस्ता

हे मात्र शास्त्रात लिहिण्यासारखं हाय.

तैलरंगी

शेवटचा प्रश्न. दिवस थोडे आहेत. पूर्ण तैलरंगात केलं तर वेळेत वाळेल का? आणि अ‍ॅक्रिलिक इथे पॅलेटवरच कातडं धरतं, गालावरचा उतार मिसळेपर्यंत रंग वाळून जातो. पंख्याखाली तर विचारूच नका. वाळलंच तर व्हार्निश कधी मारू?

गेरूमाती

खालचा थर अ‍ॅक्रिलिकमध्ये, बर्न्ट अंबर आणि पांढरा, नुसता उजेड-अंधार मांडून घ्या. तो दुपारीच वाळेल. वर तैलरंग, आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ, तेल मागून. अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक कधीच नाही. अलिझरिन क्रिमसन टाळा, वाळायला फार वेळ घेतो. लाल हवाच तर बर्न्ट सिएनावर भागवा, अंबर-सिएना लवकर वाळतात. पहाटे काम करा, पंखा बंद ठेवून. धूळही बसणार नाही.

हॉलमध्ये व्हार्निशशिवायच लावा. पातळ थर असले तरी सहा महिने जाऊ द्या. म्हणजे दिवाळीच्या आसपास मामांच्या घरी जाऊन तिथेच मारा. तोवर मामींना सांगा, चित्र ओल्या फडक्याने पुसायचं नाही.

तैलरंगी

ते सांगणं कठीण आहे, पण सांगते. मामी सगळंच पुसते.